सातबाऱ्याचा सात डिसेंबर कसा होतो?

वकिलाच्या ऑफिसातला कारकून जमिनीच्या कागदपत्रांची यादी एक्सेलमध्ये करायला बसतो. पहिल्या सेलमध्ये ७/१२ लिहून एंटर दाबतो, तर समोर ‘७ डिसेंबर’ उभा! पुसून पुन्हा लिहितो. पुन्हा ७ डिसेंबर. शेजारच्या टेबलावरून सल्ला येतो, ‘अरे, फॉरमॅट बदल ना, टेक्स्ट कर.’ तो तेही करतो. आता ना सातबारा, ना डिसेंबर. सेलमध्ये ४५९९८ असा आकडा दिसतो. २०२५ साली ज्यांनी ज्यांनी हा उद्योग केला, त्या सगळ्यांना नेमका हाच आकडा मिळाला असेल.

हार्डवेअरच्या दुकानात पाइपांचा साठा लिहिताना हाच अनुभव येतो. अर्धा इंच म्हणून १/२ लिहिलं की १ फेब्रुवारी, पाऊण इंच म्हणून ३/४ लिहिलं की ३ एप्रिल. शाळेतल्या बाईंची तऱ्हा आणखी वेगळी. दहापैकी आठ गुण म्हणून लिहिलेल्या ८/१० चा ८ ऑक्टोबर होतो, पण वीसपैकी अठरा, म्हणजे १८/२०, जसेच्या तसे राहतात. एकच शीट, एकच माणूस, एकच पद्धत, मग असं का? आणि हे थांबवता येतं का?

थांबवता येतं. पण त्यासाठी एंटर दाबल्यावर आत काय घडतं, ते आधी पाहायला हवं.

१. एंटर दाबताच होणारा निवाडा

सेलमध्ये काहीही लिहून एंटर दाबलं, की एक्सेल एक प्रश्न सोडवतं : हा आकडा आहे की मजकूर? नुसते अंक असतील तर आकडा. अंकांमध्ये तिरपी रेघ किंवा आडवी रेघ असेल आणि त्यातून तारीख जुळत असेल, तर तारीख. यातलं काहीच जुळलं नाही, तर मजकूर. बाईंच्या गुणांचं कोडं इथेच सुटतं. दहावा महिना असतो, म्हणून ८/१० तारखेच्या चाचणीत ‘पास’ होतो. विसावा महिना नसतो, म्हणून १८/२० नापास होतो आणि त्यामुळेच वाचतो.

निवाडा काय झाला, हे कळायला कुठलाही मेनू उघडावा लागत नाही. सेलची मांडणी हाताने बदललेली नसेल, तर आकडे आणि तारखा उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डाव्या. रकमांच्या कॉलममध्ये एखादी रक्कम डावीकडे सरकलेली दिसली, की ती एक्सेलच्या लेखी रक्कम नाही.

याचा फटका बेरजेला बसतो. समजा, एकाखाली एक ५००, ७०० आणि ३०० लिहिले आहेत आणि मधले ७०० मजकूर म्हणून बसले आहेत. सम हे फंक्शन मजकुराकडे ढुंकूनही पाहत नाही; बेरीज ८०० येते. तेच तीन सेल अधिकचं चिन्ह देऊन एकेक करून मिळवले, तर एक्सेल मजकुरातला आकडा ओळखून घेतं आणि उत्तर १५०० येतं. एकाच कागदावर दोन बेरजा, दोन्ही एक्सेलनेच केलेल्या! हिशेबनीस डोकं धरून बसतो, ते बहुधा अशाच वेळी.

सातबाऱ्यावर उपाय मात्र एका बोटाचा आहे. लिहिण्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकायचं आणि मग ७/१२ लिहायचं. ते चिन्ह सेलमध्ये दिसत नाही, छापतानाही येत नाही. ‘यापुढचं सगळं मजकूर समज’ एवढंच ते एक्सेलला सांगतं. गूगल शीट्समध्येही हीच युक्ती चालते. एवढंच, की कळफलक त्या क्षणी इंग्रजीवर हवा. मराठी इन्स्क्रिप्टवर त्याच कळीने ‘ट’ उमटतो.

संपूर्ण कॉलमच गट क्रमांकांचा किंवा फ्लॅट क्रमांकांचा असेल, तर दर वेळी चिन्ह टाकत बसण्यापेक्षा आधी कॉलम निवडावा, कंट्रोल आणि १ या कळा एकत्र दाबाव्यात आणि उघडणाऱ्या खिडकीत ‘टेक्स्ट’ निवडावं. ‘आधी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. कारकुनाने हेच केलं होतं, पण नंतर. तोवर निवाडा होऊन गेला होता. पाइपवाल्याला खरोखरच अर्धा हवा असेल, पुढे गुणाकारासाठी, तर त्याने शून्य, मोकळी जागा आणि मग १/२ असं लिहावं. एक्सेल निमूटपणे अर्धा समजतं.

२. ४५९९८ आला कुठून?

एक्सेलकडे तारीख नावाची वेगळी वस्तूच नाही. त्याच्याकडे फक्त दिवसांची मोजणी आहे. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, २ जानेवारी दुसरा, असं मोजत मोजत १५ ऑगस्ट १९४७ हा १७३९४ वा दिवस येतो, १ मे १९६० हा २२०३७ वा आणि ७ डिसेंबर २०२५ हा ४५९९८ वा. सेलमध्ये साठवलेला असतो तो हा आकडा. पडद्यावर दिसतो तो त्याचा पेहराव. एकच माणूस घरी बंड्या असतो आणि कचेरीत कुलकर्णी साहेब. हाक बदलली म्हणून माणूस बदलत नाही. फॉरमॅट बदलणं म्हणजे हाक बदलणं. कारकुनाने ‘टेक्स्ट’ निवडलं तेव्हा एक्सेलने तारखेचा पेहराव उतरवून आतला आकडा तेवढा दाखवला. मूळ ‘७/१२’ ही अक्षरं कुठेच शिल्लक नव्हती, मग ती परत येणार कुठून?

या पद्धतीचा फायदा मोठा आहे. एका तारखेतून दुसरी वजा केली, की मधले दिवस मिळतात. निविदेची मुदत, रजेचे दिवस, ठेवीवरचं व्याज या सगळ्या हिशेबांचा पाया हाच आहे. शीटमधल्या तारखा खऱ्या आहेत की तारखेसारखा दिसणारा मजकूर आहे, हे तपासायचं असेल, तर कंट्रोल धरून कळफलकावर १ च्या डावीकडची कळ दाबावी. खऱ्या तारखांच्या जागी पाच अंकी आकडे दिसू लागतात, खोट्या तशाच राहतात. तीच कळ पुन्हा दाबली, की सगळं पूर्ववत. आजची तारीख टाकायची असेल, तर कंट्रोल आणि अर्धविरामाची कळ. टाइप करायलाच नको, म्हणजे चुकायलाही नको.

या मोजणीत एक जुनी चूक दडलेली आहे. एक्सेलला विचारलं, तर ते २९ फेब्रुवारी १९०० हा साठावा दिवस असल्याचं ठामपणे सांगतं. असा दिवस कधी उजाडलाच नाही. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष. २००० होतं, १९०० नव्हतं. ही चूक मुळात १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅमची. त्या काळी कचेऱ्यांवर लोटसचं राज्य होतं. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलेल्या एक्सेलला लोटसच्या फायली बिनचूक उघडता याव्यात, म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक जाणूनबुजून उचलली. आता ती सुधारली, तर जगभरच्या शीटमधल्या तारखा एका दिवसाने सरकतील, म्हणून ती तशीच आहे. चुकीलाही एवढं वय झालं, की तिला मान द्यावा लागतो!

कचेरीतल्या माणसाला या चुकीचा त्रास सहसा होत नाही. त्रास होतो तो १९०० पूर्वीच्या तारखांचा. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ किंवा लोकमान्य टिळकांच्या जन्माची २३ जुलै १८५६ ही एक्सेलला तारीख वाटतच नाही, नुसता मजकूर वाटतो. एकोणिसाव्या शतकातली दप्तरं, जन्मनोंदी, जुन्या ग्रंथालयांची यादी करणाऱ्यांनी दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे कॉलम ठेवावेत. वर्षाच्या कॉलमवरून क्रम लावता येतो आणि शोधही घेता येतो.

३. आधी दिवस की आधी महिना?

आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. एक्सेल यातलं काय मानतं, हे एक्सेलमध्ये ठरत नाही. विंडोजच्या ‘रीजन’ या सेटिंगमध्ये ठरतं. कित्येक नवे संगणक अमेरिकी सेटिंगवरच वर्षानुवर्षं चालतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. अशा संगणकावर कारकुनाला ७/१२ चा १२ जुलै मिळतो.

इथली गंमत आकड्यांत पाहण्यासारखी आहे. समजा, एका वर्षाच्या ३६५ तारखा भारतीय पद्धतीने लिहिलेल्या आहेत आणि संगणक अमेरिकी पद्धतीने वाचतो आहे. १३ तारखेपासून पुढे अडचण नाही, कारण तेरावा महिना नसतो. एक्सेल हात टेकतं आणि त्या मजकूर म्हणून डावीकडे ठेवतं. अशा २२१ तारखा निघतात. दिसायला वाईट, पण निदान दिसतात तरी. उरल्या दर महिन्याच्या पहिल्या बारा, म्हणजे १४४. यातल्या ५/५ किंवा ८/८ सारख्या १२ नशिबाने बरोबर ठरतात. बाकीच्या १३२ गुपचूप उलटतात : ५ मार्चची ३ मे होते, उजवीकडे व्यवस्थित चिकटून बसते आणि व्याजाच्या हिशेबातही शिरते.

म्हणून तारखांच्या कॉलममध्ये काही डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर डावीकडच्या दुरुस्त करत बसणं हा चुकीचा मार्ग. चुकलेल्या बहुधा उजवीकडच्या असतात. विंडोजचं सेटिंग ‘इंग्लिश (इंडिया)’ करावं आणि मूळ फाइल नव्याने उघडावी. हे सेटिंग केल्याचा आणखी एक फायदा असा, की स्वल्पविराम १,२३४,५६७ असे न पडता १२,३४,५६७ असे आपल्या लाख-कोटींच्या पद्धतीने पडतात. अख्खा कॉलमच मजकूर म्हणून आला असेल, तर ‘डेटा’ मेनूतल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’च्या तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ निवडून दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगता येतो. आणि फाइल परदेशी जाणार असेल, तर २०२५-०३-०५ असं वर्षापासून लिहावं. या क्रमाबद्दल कोणाचा गैरसमज होत नाही.

४. बारा आकडी आधार, सोळा आकडी खातं

मोबाइल क्रमांकांची यादी करताना एक्सेल कुरकुर करत नाही. आधार क्रमांकांची केली, की १.२३४५७ई+११ असलं काहीतरी दिसू लागतं. मोबाइलचे अंक दहा, आधारचे बारा. साध्या सेलमध्ये एक्सेल अकरा अंकांपर्यंतच आकडा सरळ दाखवतं. बारावा आला, की ते शास्त्रज्ञांच्या संक्षिप्त पद्धतीकडे वळतं. भविष्य निर्वाह निधीचा यूएएनही बारा आकडी, म्हणून त्याचीही हीच गत. पण घाबरण्याचं कारण नाही. आतला आकडा शाबूत असतो. कंट्रोल आणि १ दाबून ‘नंबर’ निवडावं आणि दशांश स्थळं शून्य करावीत, की पूर्ण क्रमांक दिसतो.

सोळा आकडी क्रमांकाची गोष्ट वेगळी. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा आकडी असतात, डेबिट कार्डांवरचे बहुतेक क्रमांकही. एक्सेल कोणत्याही आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं. प्रत्येक आकड्याला ६४ बिटांएवढीच जागा असते आणि तिच्यात पंधराच अंकांची खात्री देता येते. १२३४५६७८९०१२३४५६ लिहून एंटर दाबलं, की शेवटच्या ६ चा शून्य होतो. इथे पेहराव बदललेला नसतो, माणूसच बदललेला असतो. फॉरमॅट कितीही फिरवले, तरी तो ६ परत येत नाही.

पगाराच्या यादीत हे घडलं तर काय होईल, ते सांगायला नको.

शून्याचंही तसंच. पुण्याचा एसटीडी कोड ०२० लिहिला, की २० उरतो. नागपूरचा ०७१२ लिहिला, की ७१२. गणितात आकड्याआधीच्या शून्याला किंमत नाही, म्हणून एक्सेल तो गाळून टाकतं. या सगळ्यावर एकच कसोटी लावावी : या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधी होणार आहे का? दोन आधार क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही. खाते क्रमांक, पिन कोड, फोन, हजेरी क्रमांक, गट क्रमांक हे अंकांनी लिहिलेले असले, तरी हिशेबाचे आकडे नव्हेत. त्यांचे कॉलम पहिल्यापासून ‘टेक्स्ट’ करावेत.

तसं केल्यावर सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. ‘इथे आकडा मजकूर म्हणून ठेवला आहे’ अशी एक्सेलची ती सूचना असते आणि शेजारच्या चिन्हावर ‘आकड्यात बदला’ असा पर्यायही मिळतो. नीटनेटकेपणाची आवड असलेला एखादा सहकारी तो पर्याय दाबून सगळे त्रिकोण घालवतो आणि त्यांच्याबरोबर सोळावे अंकही जातात. त्रिकोण राहू द्यावेत, किंवा ‘इग्नोर एरर’ निवडावं.

आणखी एक छुपी खोड. खाती दोनदा आली आहेत का, हे शोधायला काउंटइफ हे फंक्शन वापरतात. ते मात्र मजकुराच्या सेललाही मनातल्या मनात आकडा समजून तुलना करतं. त्यामुळे पहिले पंधरा अंक सारखे असलेली दोन वेगळी खाती त्याला एकच वाटतात. सोळा आकडी यादीत ‘दुबार’ सापडलेल्यांना वगळण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

५. डबल क्लिकचा धोका

बँकेचं विवरण, सरकारी पोर्टलवरची यादी, हजेरीच्या यंत्रातली नोंद, हे सगळं बहुधा सीएसव्ही फाइलच्या रूपात येतं. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर. त्यात फॉरमॅट नाही, तारीख नाही, फक्त अक्षरं. तिच्यावर डबल क्लिक केलं, की एक्सेल प्रत्येक नोंद जणू कोणी नुकतीच टाइप केली आहे अशा थाटात वाचतं आणि वर सांगितलेले सगळे निवाडे एका क्षणात होतात. शून्य गळतात, सोळावे अंक जातात, तारखा उलटतात.

उलट दिशेचा प्रवास तर याहून वाईट. एक्सेल सीएसव्ही साठवताना आतला आकडा लिहीत नाही, पडद्यावर जे दिसतं ते लिहितं. आधारचा क्रमांक संक्षिप्त रूपात दिसत असताना फाइल सीएसव्ही म्हणून साठवली, तर फाइलमध्ये तेच रूप जातं. पुन्हा उघडल्यावर १२३४५७०००००० मिळतो. मघाशी जो आकडा शाबूत होता, तो आता कायमचा गेला.

म्हणून सीएसव्हीवर डबल क्लिक करू नये. आधी कोरं एक्सेल उघडावं, ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडावं आणि पुढच्या खिडकीत एक्सेलला प्रकार ओळखायला मनाई करावी. सगळे कॉलम मजकूर म्हणून येतात. रकमांचा तेवढा नंतर आकड्यात बदलायचा. एका मिनिटाचं जास्तीचं काम आहे.

घाईची किंमत किती मोठी असू शकते, ते ब्रिटनमध्ये दिसलं. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस तिथल्या आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांकडून येणारे करोना चाचण्यांचे सीएसव्ही निकाल जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फायलींत भरले. त्या प्रकारात एका शीटला ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे आणि एकेका रुग्णामागे अनेक ओळी लागत होत्या. मर्यादेपलीकडच्या नोंदी गळाल्या आणि आठ दिवसांत १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीतून सुटले. त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध तेवढा लांबला. नव्या एक्सएलएसएक्स प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. कचेरीत अजून एक्सएलएस फायली फिरत असतील, तर त्या नव्या प्रकारात साठवून घ्याव्यात.

६. शास्त्रज्ञही हरले, पण थोडं मिळवून

या त्रासातून शास्त्रज्ञही सुटलेले नाहीत. मार्च१, सेप्ट१, डेक१ अशी नावं असलेली माणसाची जनुकं एक्सेलमध्ये लिहिली, की त्यांच्या तारखा होत. काही नोंद क्रमांकांत अंकांच्या मधे ‘ई’ हे इंग्रजी अक्षर असे. एक्सेल त्याचा अर्थ दहाचा घात असा लावी आणि क्रमांकाचा अवाढव्य आकडा करून टाकी. (‘ई’ विंगमधला २ई३ हा फ्लॅट याच न्यायाने २००० होतो. सोसायटीच्या सचिवांनी जपावं.) हा प्रकार २००४ मध्येच एका शोधनिबंधात मांडला गेला होता. २०१६ मध्ये संशोधकांनी एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेले निबंध तपासले, तेव्हा सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि २०२० मध्ये नावंच बदलल्याचं जाहीर केलं. प्रोग्रॅमपुढे विज्ञानाने माघार घेण्याचा असा प्रसंग विरळाच.

मायक्रोसॉफ्टला जाग आली ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये आता ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘डेटा’ या वाटेने गेलं, की आपोआप होणारे बदल बंद करण्याच्या चौकटी सापडतात. पुढचे शून्य गाळू नकोस, लांब आकड्याचे पंधरा अंकच ठेवू नकोस, मधल्या ‘ई’चा घात समजू नकोस, सलग अक्षर-अंकांची तारीख करू नकोस, असं चार वेगवेगळ्या प्रकारे सांगता येतं. कचेरीत ही आवृत्ती असेल, तर पहिल्या तीन चौकटींवरच्या खुणा आजच काढाव्यात. कोणाचंही नुकसान होत नाही. चौथी फक्त सलग लिहिलेल्या अक्षर-अंकांपुरती आहे. मधे तिरपी रेघ, आडवी रेघ किंवा मोकळी जागा असलेल्या नोंदींना तिचं संरक्षण नाही. जनुकं सुटली, गट क्रमांक, पाइप आणि गुणपत्रिका यांना अजूनही अवतरणचिन्हाचाच आधार आहे.

शिवाय हे सेटिंग फायलीबरोबर प्रवास करत नाही, ते त्या त्या संगणकापुरतं असतं. आपल्याकडे बंद केलेला बदल मुख्यालयातल्या संगणकावर चालूच असू शकतो. म्हणून सीएसव्ही फाइल पुढे पाठवताना कोणते कॉलम मजकूर आहेत, हे ईमेलमध्ये एका ओळीत लिहावं आणि ती डबल क्लिकने उघडू नये, असंही सांगावं. पोर्टलवरून किंवा बँकेकडून उतरवलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये न उघडता ठेवावी, काम तिच्या प्रतीवर करावं आणि पगार खात्यांत जमा झाल्याची खात्री होईपर्यंत तरी ती पुसू नये.